मोरपिसांचा टोप आणि नवा लॅपटॉप

दिवाळीच्या दिवसांत आदिलाबादच्या गोंड गावांमधून दंडारीचे ढोल वाजू लागतात आणि गुसाडी नाचायला उतरतात. अंगाला राख फासलेली, हातात काठी आणि डोक्यावर शेकडो मोरपिसांचा भलामोठा टोप. मार्लवाईचे कनक राजू यांनी हे नृत्य तरुणांना शिकवण्यात आयुष्य घातलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गुसाडी गिरकी घेतो तेव्हा टोपातलं प्रत्येक पीस वेगळ्या दिशेला हलतं. बघणाऱ्याला मजा वाटते, पण व्हिडिओ एडिट करणाऱ्याच्या लॅपटॉपला तिथेच घाम फुटतो.

त्याचं कारण व्हिडिओची फाइल लहान करण्याच्या पद्धतीत आहे. कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० चित्रं घेतो, पण ती सगळी पूर्ण साठवत नाही. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या काही चित्रांपुरता फक्त बदल लिहून ठेवतो. दोन माणसं खुर्चीत बसून बोलत असली तर ओठ आणि हात सोडून फारसं काही बदलत नाही, त्यामुळे काम स्वस्तात होतं. मोरपिसांच्या टोपात मात्र जवळजवळ प्रत्येक ठिपका दर क्षणी बदलतो. ठरलेल्या मापात एवढा बदल मावला नाही की पिसांच्या बारीक रेषा विरघळून हिरवट-निळा चिखल होतो. तो टाळायचा तर कॅमेरा वरच्या दर्जावर लावायचा: १०-बिट रंग, ४:२:२ नमुना, जास्त बिटरेट. चित्र सुंदर येतं. मग रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं की टाइमलाइनवरचं चित्र अडखळत पुढे सरकतं, पंखा घरघरतो आणि पाच मिनिटांच्या गाण्यासाठी तासभर रेंडर चालतो. नवा लॅपटॉप घ्यायचा विचार बहुतेकांच्या मनात याच घटकेला येतो.

पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण आणि पलीकडे विदर्भ, अशा जागी आदिलाबाद जिल्हा आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी इथे एकाच बाजारात ऐकू येतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तरी स्टुडिओवाल्यांचा धंदा त्या रेषा मानत नाही. आज उटनूरला लग्न, उद्या पांढरकवड्याला वाढदिवस, परवा निर्मलला गृहप्रवेश. धंदा आता लग्नापुरताही उरलेला नाही. गोदावरीपलीकडच्या जगत्याल जिल्ह्यात, लंबाडीपल्ली नावाच्या खेड्यातून २०१२ साली ‘माय व्हिलेज शो’ हे यूट्यूब चॅनल सुरू झालं. त्यातल्या गंगव्वा २०२० मध्ये तेलुगू ‘बिग बॉस’च्या घरापर्यंत पोचल्या. खेड्यात बसून केलेला व्हिडिओ कुठवर जातो, हे या भागानं डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे एडिटिंगचा लॅपटॉप इथे शौकाची वस्तू राहिलेली नाही. शेतकऱ्याला जशी बैलजोडी, तसं ते कमाईचं साधन झालं आहे, आणि बैलबाजारातल्या इतकीच पारख इथेही लागते.

आधी दुखणं ओळखा

टेपच्या काळात लग्नाची कॅसेट संगणकात घ्यायची तर एक तासाच्या टेपला बरोबर एक तास लागायचा. डीव्ही टेपचा बिटरेट सेकंदाला २५ मेगाबिट होता. तासाभराच्या चित्रीकरणाला साधारण १३ जीबी जागा पुरायची. २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यात सिनेमासारखा व्हिडिओ निघू लागला. पुढे ४के आलं. १०० मेगाबिटनं घेतलेल्या ४के चित्रीकरणाला तासाला ४५ जीबी लागतात, १४० मेगाबिटला ६३ जीबी. हळद, लग्न आणि रिसेप्शन असं दोन कॅमेऱ्यांनी मिळून आठ तास चित्रीकरण झालं, की एकाच पार्टीचा माल साडेतीनशे ते पाचशे जीबी भरतो.

हा भार आला म्हणजे लगेच नवी मशीन घ्यायलाच हवी, असं नाही. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट देते. साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या घरात देते, एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्या पुढे जाते. नुसती डिस्क बदलल्यानं आणि रॅम ८ वरून १६ जीबी केल्यानं कित्येक मशिनी आणखी दोन लगीनसराया निभावून नेतात. दुसरा उपाय फुकटचा आहे: प्रॉक्सी. प्रीमिअर प्रो, दा विंची रिझॉल्व्ह आणि एडियस या तिन्हींमध्ये मूळ फाइलची हलकी प्रत बनवून तिच्यावर कटिंग करता येतं. शेवटी रेंडर करताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल उचलतं. प्रॉक्सी बनायला वेळ लागतो, पण ते काम रात्रभर लावून झोपता येतं.

काही मशिनींचं वय मात्र उपायांपलीकडे गेलेलं असतं. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६-१७ च्या आसपास घेतलेले बरेच लॅपटॉप सरळ मार्गानं पुढे जाऊ शकत नाहीत. अशा मशीनवर रॅम आणि डिस्कचा खर्च करण्यात अर्थ नाही. अॅपलच्या बाजूलाही असंच वळण आलं. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅकबुक आले आणि कंपनीनं इंटेलच्या मशिनी हळूहळू मागे टाकल्या. जुना इंटेल मॅकबुक स्वस्तात मिळतो म्हणून आज घेणं शहाणपणाचं नाही.

स्टिकरवर न लिहिलेली गोष्ट

दुकानात गेलं की संवाद ठरलेला असतो. आय७ आहे, आरटीएक्स आहे, गेमिंगचा आहे, डोळे मिटून घ्या. पण गेम खेळणं आणि व्हिडिओ एडिट करणं यांत मशीनला वेगवेगळी कामं करावी लागतात.

गुसाडीच्या टोपाकडे परत यावं लागतं. कॅमेऱ्याच्या भाषेत ४:२:० म्हणजे उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच. ४:२:२ मध्ये रंगाची माहिती त्याच्या दुप्पट असते. पिसाच्या कडेला निळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, ते यात नीट राहतं. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १०२४. कॅननचा आर६ २०२० मध्ये आणि सोनीचा ए७ फोर २०२१ मध्ये आला, तेव्हापासून ही सोय लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाती आली.

अडचण पुढे आहे. फाइल लहान करण्याच्या एच.२६५ या पद्धतीतला १०-बिट ४:२:२ व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये खास जागा असावी लागते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०, ३० आणि ४० या मालिकांच्या कार्डांत ती नाही. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या ५० मालिकेत ती पहिल्यांदा आली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉप प्रोसेसरमधल्या साध्या, आतल्या ग्राफिक्समध्ये मात्र ही सोय आहे, आणि अॅपलच्या एम१ पासून पुढच्या चिपमध्येही आहे. त्यामुळे रायझन प्रोसेसर आणि आरटीएक्स ४० अशी महागडी जोडी ज्या फाइलवर अडखळते, त्याच फाइलवर तिच्यापेक्षा स्वस्त इंटेलचा लॅपटॉप सुरळीत चालताना दिसतो. दुकानदार फसवतो आहे असं यात काही नसतं. गेमिंगच्या जगात हा प्रश्नच कुणाला पडत नाही.

दुसरी गोम वॉटची. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव लिहिलेलं लॅपटॉपचं कार्ड कंपनीच्या मर्जीनुसार ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालवलेलं असतं. पातळ लॅपटॉपमध्ये ते कमी वॉटवर ठेवतात. दोन मशिनींवर स्टिकर एकच, पण कामात मोठा फरक. हा आकडा खोक्यावर नसतो, कंपनीच्या तपशीलपत्रात खोलवर असतो. तो विचारून घ्यावा.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. आपल्याकडे लग्नाच्या मिक्सिंगमध्ये एडियसचा दबदबा मोठा आहे. जपानमधल्या कोबेच्या कॅनोपस कंपनीनं ते बनवलं आणि पुढे ते ग्रास व्हॅलीकडे गेलं. गाण्यांचे तयार प्रोजेक्ट, टायटल, इफेक्ट यांचा एडियससाठी वेगळा बाजारच आहे. एडियस फक्त विंडोजवर चालतं. इंटेलच्या चिपमधल्या व्हिडिओ उलगडण्याच्या सोयीचा, म्हणजे क्विक सिंकचा, आधार त्यानं फार आधीपासून घेतलेला आहे, म्हणून एडियसवाल्यांना इंटेल मानवतो. मॅकबुकची बॅटरी आणि पडदा पाहून मोहात पडलेल्यानं लक्षात ठेवावं की तिकडे गेल्यावर वर्षानुवर्षं जमवलेले एडियसचे प्रोजेक्ट उघडणार नाहीत. फायनल कट किंवा रिझॉल्व्ह नव्यानं शिकावं लागेल. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम आहे, पण विंडोजवर १०-बिट ४:२:२ च्या एच.२६५ फाइलसाठी तिची पैसे देऊन घ्यायची स्टुडिओ आवृत्ती लागते, हेही हिशेबात धरावं.

केसलापूरची रात्र

पौष अमावास्येच्या रात्री इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला नागोबाची महापूजा होते. मेसराम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात आणि त्या पाण्यानं पूजा होते. त्याच काळात कुळात नव्यानं आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. पांढऱ्या साड्या, झाकलेले चेहरे, आजूबाजूला अंधार आणि मधे दिव्यांचा उजेड. फोटोग्राफरसाठी याहून अवघड प्रकाश शोधून सापडणार नाही. पांढऱ्याकडे बघून उजेड मोजला तर बाकी सगळं काळं पडतं. अंधाराकडे बघून मोजला तर साडीच्या चुण्या जळून जातात.

म्हणून असे फोटो रॉ स्वरूपात घेतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, तर १४-बिट रॉमध्ये १६,३८४. जळाल्यासारख्या वाटणाऱ्या साडीतून चुण्या परत आणता येतात त्या या शिल्लक पायऱ्यांमुळे. आयएसओ वाढवल्यानं आलेले दाणे काढण्यासाठी अॅडोबीनं एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं ‘डिनॉइज’ दिलं. ते जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्स कार्डावर चालतं. एका फोटोला पंधरा सेकंद लागत असतील तर चारशे फोटो पावणेदोन तासांच्या आत निघतात. जुन्या मशीनवर एकाला पाच मिनिटं लागली, तर त्याच चारशे फोटोंना तेहतीस तास लागतील. व्हिडिओत जे कार्ड कधी कधी नुसतं शोभेला असतं, ते इथे खरं कामाला येतं.

अल्बमचं काम रॅम खातं. बारा बाय छत्तीस इंचांचं एक शीट ३०० डीपीआयवर म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० ठिपके, पावणेचार कोटींच्या वर. फोटोशॉपमध्ये पूर्ण भरलेल्या एका लेयरला ८-बिटमध्येच सुमारे ११७ एमबी लागतात. पार्श्वभूमी, फोटो, सावल्या, फुलं, अक्षरं असे वीस-पंचवीस लेयर झाले की आकडा जीबीत जातो, आणि मागे दोन-तीन शीट्स उघडी असतातच. १६ जीबी रॅम ही आज सुरुवात मानावी, ३२ जीबी असली तर हात मोकळा राहतो. पातळ लॅपटॉपांत आणि सगळ्या नव्या मॅकबुकमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. दोन पर्यायांत पैसे थोडे कमी पडत असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा आणि रॅम वरची घ्यावी.

पडद्याचा खोटेपणा

वधूचा शालू लॅपटॉपवर डाळिंबी दिसला आणि अल्बममध्ये विटकरी निघाला, की भांडण फोटोग्राफर आणि लॅब यांच्यात लागतं. दोष अनेकदा लॅपटॉपच्या पडद्यात असतो.

१९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एसआरजीबी हे रंगांचं सामाईक माप ठरवलं. तपशीलपत्रात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेला स्वस्त पडदा या मापातले साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवतो. उरलेले रंग त्याच्याकडे नाहीतच. लाल फिकट दिसतो, मग एडिट करणारा तो वाढवतो, आणि छपाईत भडका उडतो. निदान ‘१०० टक्के एसआरजीबी’ असं स्पष्ट लिहिलेला पडदा घ्यावा. मोरपिसातला निळा-हिरवा तर एसआरजीबीच्याही कडेबाहेर सांडतो. अॅडोबी आरजीबी हे मोठं माप याच भागात जास्त रुंद आहे. गुसाडीचे, मोरांचे किंवा कुंतालाच्या धबधब्याभोवतालच्या जंगलाचे फोटो मोठे छापून विकणाऱ्याला वरच्या दर्जाचा पडदा, किंवा घरी जोडायला वेगळा मॉनिटर, परवडतो.

चांगला पडदाही काळानुसार सरकतो. कॅलिब्रेशनचं छोटं यंत्र पडद्यावर टेकवून महिन्या-दोन महिन्यांनी रंग जुळवून घ्यावेत. चार स्टुडिओंनी मिळून एक यंत्र घेतलं तरी भागतं.

दहा ते पस्तीस अंश

अॅपल आपल्या मॅकबुकसाठी आजूबाजूचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं असं सांगते. आदिलाबादला ही मर्यादा एकाच वर्षात दोन्ही टोकांनी ओलांडली जाते. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि मे महिन्यात ४३ ते ४५ अंश ही नित्याची गोष्ट आहे. लगीनसराई नेमकी त्याच उन्हात असते.

चिप शंभर अंशांच्या आसपास तापली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. खोलीतच चाळीस अंश असतील तर पंख्याला थंड हवा मिळतच नाही. मग पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत घेतलेली परीक्षणं इथे लागू पडत नाहीत. पंखा नसलेला मॅकबुक एअर फोटोसाठी आणि छोट्या रीलसाठी छान आहे. दोन-दोन तासांच्या रेंडरला तो दमतो. जाड, दोन पंख्यांचा, जाळ्या मोठ्या असलेला लॅपटॉप दिसायला ओबडधोबड असला तरी या हवेत तोच टिकतो.

त्यात कापसाची भर. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा, जिनिंग मिलचा जिल्हा. हंगामात हवेत उडणारी बारीक रुई पंख्याच्या जाळीत बसते आणि आत नमद्यासारखा थर धरते. वर्षातून एकदा मशीन उघडून साफ करून घेणं आणि दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलणं, एवढ्यानं हरवलेला वेग पुष्कळदा परत येतो. मांडवात किंवा बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नये. उन्हात तापलेल्या अवस्थेत चार्जिंग केल्यानं लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते.

दुरुस्तीचाही विचार खरेदीच्या आधीच करावा. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे तीनशे. ऐन सीझनमध्ये मशीन दहा दिवस तिकडे अडकणं म्हणजे दोन डिलिव्हरी बुडणं. म्हणून कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्त करेल अशी ऑनसाइट वॉरंटी घ्यावी, आणि आपल्या पिनकोडवर ती खरंच मिळते का ते आधी विचारावं. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला धंद्यासाठी घेतलेल्या मशीनवर त्याचं क्रेडिट मिळतं, तेव्हा बिल धंद्याच्या नावानं घ्यावं. आयकरातही संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरता येतो.

घर बदलावं तसा लॅपटॉप

खरेदी एका दुपारची असते, बस्तान हलवायला पंधरा दिवस लागतात. त्यासाठी मोकळा काळ हवा, आणि आदिलाबादच्या स्टुडिओवाल्याला तो सहज मिळत नाही, कारण त्याला दोन पंचांगं पाळावी लागतात. मराठी घरांत आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत मांडव उठलेले असतात. तेलुगू घरांत आषाढ वर्ज्य, पण श्रावणात लग्नांची धूम. दोघांकडेही शांतता असते ती आषाढाच्या उत्तरार्धात, भाद्रपदात आणि पौषात. पौषात नागोबाची जत्रा असते, म्हणजे भाद्रपद सर्वांत सोयीचा.

पहिलं काम नकलेचं. ५०० जीबी माल जुन्या यूएसबी २ च्या पोर्टमधून हलवला तर सेकंदाला ३५ एमबीच्या वेगानं चार तास लागतात. चांगली एक्स्टर्नल एसएसडी आणि वेगवान पोर्ट असेल तर तेच काम दहा-पंधरा मिनिटांत होतं. विंडोजवरून मॅकवर जाणाऱ्यानं डिस्क कोणत्या पद्धतीनं फॉरमॅट केली आहे ते पाहावं. एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालते.

दुसरं काम कॅटलॉगचं. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो नसतात. फोटो कुठे ठेवले आहेत आणि त्यांवर काय काम केलं आहे याची नोंद असते. जुन्या मशीनवर माल ई ड्राइव्हमध्ये होता आणि नव्यावर डी मध्ये गेला, तर प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह उगवतं. घाबरून नव्यानं इम्पोर्ट करू नये, तसं केल्यास केलेलं सगळं काम हातचं जातं. फोल्डरवर जाऊन त्याची नवी जागा दाखवून दिली की सगळं जुळतं. प्रीमिअरमध्येही हरवलेल्या क्लिप अशाच जोडून घेता येतात. ड्राइव्हचं अक्षर आणि फोल्डरची नावं जुन्यासारखीच ठेवली तर हा त्रासच होत नाही.

तिसरं काम अक्षरांचं, आणि या सीमेवरच्या जिल्ह्यात ते दुप्पट आहे. अल्बमच्या पहिल्या पानावर ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ कधी देवनागरीत हवं असतं, कधी तेलुगूत, कधी दोन्हींत. वर्षानुवर्षं ही अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत आणि तेलुगूसाठी अनूच्या फॉन्टमध्ये बसवली गेली. हे जुने फॉन्ट युनिकोडचे नाहीत. आतून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी किंवा तेलुगू आकार बसवलेले असतात. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की नवरीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. श्रीलिपीच्या जुन्या प्रतींना तर यूएसबीचं कुलूप लागतं. ते जुन्या मशीनलाच राहिलं तर सगळं ठप्प. म्हणून हलण्याआधी फॉन्टची यादी करावी, कायम लागणाऱ्या शीर्षकांचे लेयर रास्टराइज करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत आणि पुढचं काम युनिकोड फॉन्टमध्ये सुरू करावं. जुन्या फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई मजकुराची सोय सुरू केली नाही तर वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, तीही सोय तपासून घ्यावी.

चौथं काम लायसनचं. अॅडोबीचं एक सदस्यत्व दोन संगणकांवर चालू ठेवता येतं. एडियसचं आणि प्लगइनचं लायसन जुन्या मशीनवरून रीतसर सोडवून मगच नव्यावर घ्यावं. जुना लॅपटॉप फॉरमॅट करून विकल्यानंतर लायसनची आठवण येणं हे नेहमीचं दुखणं आहे.

मशीन जाते, माल राहतो

१९४१ मध्ये क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ राजगोंडांचा अभ्यास करायला आदिलाबादला आला. पत्नी बेट्टीसह तो मार्लवाईत राहिला. त्यानं काढलेले फोटो आणि चित्रफिती आज लंडनच्या सोआस या संस्थेच्या संग्रहात आहेत, आणि गोंडांच्या जुन्या चालीरीती शोधणारे अभ्यासक आजही त्या चाळतात. हे टिकलं ते मूळ निगेटिव्ह जपून, नोंदींसह ठेवल्या म्हणून.

आजच्या स्टुडिओत दंडारीचं, नागोबाच्या जत्रेचं आणि गावोगावच्या लग्नांचं जे चित्रीकरण होतं, तेही उद्याचा असाच ऐवज आहे. अमेरिकी फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम त्यासाठी पुरेसा आहे: मालाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे क्लाउडच असायला हवं असं नाही. पांढरकवड्याला राहणाऱ्या बहिणीच्या कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क चालते, वर्षातून एकदा ती लावून फाइली उघडतात का एवढं पाहावं.

खरेदीला निघताना पेनड्राइव्हमध्ये स्वतःच्या कॅमेऱ्यातली सर्वांत जड क्लिप न्यावी, शक्यतो गुसाडीचीच. सोबत पंचवीस लेयरचं एक शीट आणि रात्री काढलेला एक रॉ फोटो. दुकानात त्या तीन गोष्टी उघडायला सांगाव्यात आणि अर्धा तास तिथे बसून पाहावं. एवढं करू द्यायला जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नये. आणि नवा लॅपटॉप घरी आल्यावर त्याच्यावर एक अख्खं लग्न, कार्डापासून अल्बमपर्यंत, पार्टीच्या हातात पडेपर्यंत जुना विकू नये.